‘नळी घालायची का?’

सन्मानाने मरण्याचा हक्क प्रत्यक्षात आणण्याचा आदेश कर्नाटक सरकारने ३० जानेवारी २०२५ रोजी काढला, हे चांगलेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आणि २०२३ मध्ये सुटसुटीत केलेला निकाल आता तरी फायलीतून बाहेर येईल. पण या आदेशावरची सारी चर्चा अतिदक्षता विभागातच अडकली आहे. व्हेंटिलेटर, डॉक्टरांची दोन मंडळे, उपचार थांबवण्याबाबत ४८ तासांत निर्णय. स्मृतिभ्रंश झालेल्यांचे मरण असे ४८ तासांचे नसते. ते घरातल्या मधल्या खोलीत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. त्याबद्दल बोलायला तिकडे कुणी तयार नाही आणि इकडे महाराष्ट्रातही नाही.

ज्यांनी ते घरात पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. आई मऊभाताचा घास तोंडात घेते आणि गालात धरून ठेवते. गिळायचे कसे, हेच ती विसरलेली असते. वाटीभर भातासाठी सून तासभर बसते, चमचा ओठाला लावते, गळ्यावरून हात फिरवते. एके दिवशी घास श्वासनलिकेत जातो, ताप चढतो, रुग्णालय गाठावे लागते. रात्री दोन वाजता तिथला डॉक्टर विचारतो, ‘नाकातून नळी घालायची का? लवकर सांगा.’ मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत, आणि आईला काय हवे होते ते दोघांनाही ठाऊक नाही. नको म्हणावे, तर आईला उपाशी मारले असे नातेवाईक आयुष्यभर ऐकवणार. म्हणून नळी घातली जाते. आई ती ओढून काढते, म्हणून तिचे हात पलंगाला बांधतात. या अवस्थेत नळीने आयुष्य वाढते याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. जमेल तेवढे हाताने भरवावे, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. तो त्या रात्री कुणी सांगत नाही.

हा प्रश्न निदान झाले त्याच महिन्यात, आईलाच विचारायला हवा होता. कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारे वैद्यकीय इच्छापत्र शुद्ध मनाने केलेले असावे लागते. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी आणि आपल्या वतीने बोलतील अशा माणसांची नावे, एवढेच आता लागते. पण इथे वेळ थोडा असतो. ‘वयामुळे होतंय’ म्हणत घरचे वर्ष-दोन वर्षे घालवतात, पुढे आजाराचे नावही रुग्णापासून लपवतात. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि सहा महिन्यांनी दाखवायला सांगतात. आई सही करू शकते, पण कशावर केली ते तिला कळत नाही, अशी स्थिती मग येते. पुढे काय वाढून ठेवले आहे हे निदानाच्या वेळी न सांगणारा डॉक्टर अर्धेच काम करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि लिहून ठेवले, तरी ते पाळणार कोण? ‘नळी नको, घरीच राहू द्या’ असे लिहिणाऱ्या बाईच्या घरी पाठीच्या जखमा धुवायला, घशातला कफ काढायला, वेदना शमवायला कुणीतरी यावे लागते. देशात स्मृतिभ्रंशाचे सुमारे ८८ लाख वृद्ध असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. वेदनाशमन सेवेचे धोरण महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणले. जी काही केंद्रे उभी राहिली, त्यांचा भर मुख्यतः कर्करोगावर. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेचे पाच लाख मिळतात, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी शांतपणे मरू इच्छिणाऱ्याला त्यातला रुपयाही नाही. मग नर्सिंग ब्युरोकडून बारा तासांची मावशी येते. तिला कुणी काही शिकवलेले नसते. उरलेले बारा तास सुनेचे किंवा लेकीचे. तिची नोकरी गेली, तिची कंबर गेली, याची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात होत नाही.

केरळने २००८ मध्येच वेदनाशमन सेवेचे धोरण केले आणि पंचायतींमार्फत परिचारिका घरोघरी पाठवल्या. आपल्याकडेही जिल्हा परिषदा आहेत, महापालिका आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. आशाताईंवर आणखी एक काम ढकलून हे होणार नाही. प्रत्येक तालुक्याला प्रशिक्षित परिचारिका, फिरायला गाडी आणि मॉर्फिनचा नियमित पुरवठा हवा. राज्याच्या अर्थसंकल्पात आरोग्यमंत्र्यांनी इमारतींची घोषणा करू नये, त्या परिचारिकांच्या पगाराची तरतूद करावी.