चिंचेच्या गांवीं बिऱ्हाड

पुण्याच्या एका जुन्या वर्गणीदारांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत असतात. काम संगणकावर, घरबसल्या होणारें. आतां ते सहकुटुंब मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका देशांत, पॅसिफिक महासागराच्या कांठीं, तामारिंदो नामक लहानशा गांवीं बिऱ्हाड हलवीत आहेत. ‘पुण्याचें घर विकून आपणही यावें, त्या पैशांत समुद्रावर बंगला घेऊं,’ असा त्यांचा आग्रह आहे. असा प्रश्न आज अनेक घरांत निघतो, म्हणून उत्तर येथेंच देतों.

गांवाच्या नांवानें बिचकूं नये. तामारिंदो म्हणजे चिंच. अरबांनीं तिला ‘तमर-हिंदी’, हिंदुस्थानचा खजूर, म्हटलें. तोच शब्द स्पॅनिश मुखांत असा झाला. हवा साधारण आपल्या कोचीनच्या अक्षांशावरची. आंबा, नारळ, काजू तेथें आहेत, आणि काळा घेवडा घातलेला भात सकाळींच पानांत पडतो. १९४८ सालीं या देशानें आपलें सैन्यच मोडून टाकलें. १९४१ पासून चालत आलेली सरकारी आरोग्य-विम्याची संस्था आहे, व कायम रहिवाशास तिची वर्गणी भरावीच लागते. चिरंजीवांची निवड वाईट आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

पण ‘समुद्रावर बंगला’ हे शब्द तपासून घ्यावेत. १९७७ च्या कायद्यानें भरतीच्या रेषेपासून २०० मीटरांचा पट्टा राखलेला आहे. त्यांतील पहिले ५० मीटर सर्व लोकांचे. पुढील १५० मीटरांत नगरपालिका मुदतीचा पट्टा देते, व पांच वर्षें त्या देशांत न राहिलेल्या परकीयास तो मिळत नाहीं. कांहीं जुन्या मालकीच्या जमिनी अपवाद आहेत. पट्ट्याच्या मागील जमीन परकीयासही खुशाल घेतां येते. तेव्हां पहिला प्रश्न हा, कीं हातीं खरेदीखत येणार कीं भाडेपट्टा?

दुसरा प्रश्न राहण्याच्या परवान्याचा. दूरवरून संगणकावर काम करणारांसाठीं २०२१ सालीं जो कायदा झाला, त्याचा परवाना एका वर्षाचा, व पुढें आणखी एकच वर्ष वाढणारा. चिरंजीव याच परवान्यावर जात आहेत कीं काय, हें पत्रांत नाहीं. तसें असेल तर मुलगा दोन वर्षांच्या बोलीवर, आणि आईबाप मात्र तीन पिढ्यांचें घर मोडून, हा हिशेब आम्हांस पटत नाहीं. वडिलांनीं स्वतः पेन्शनवर राहावयाचें म्हटल्यास दरमहा किमान १००० डॉलरांची आजन्म पेन्शन दाखवावी लागते.

मोहक छायाचित्रें बहुधा डिसेंबर ते एप्रिलचीं असतात. पाऊस मे महिन्यांत सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्याचा जोर सर्वांत अधिक. गांवालगतच्या खाडींत सुसरी आहेत. नातवंडांस हें आधीं सांगावें. पलीकडील किनाऱ्यावर ऑक्टोबरपासून मोठीं समुद्रकासवें रात्रीं अंडीं घालावयास येतात. वेळासच्या कासवांहून तीं कितीतरी थोर, पण आतां फारच थोडीं उरलीं आहेत. १९९४ च्या एका चित्रपटानें तेथील लाटांचें नांव जगभर गाजलें. परकीय पैसा आला, भाडीं चढलीं, आणि त्या बंगल्यांत स्वयंपाक व झाडलोट करणारे पुष्कळसे लोक आज आंतल्या गांवांहून येतात. आपल्या किनाऱ्यावर ज्यांनीं वाडी मुंबईकरांस विकली, त्यांस हें फोडून सांगावयास नको.

आणि दिवस कसा जाणार? मुलगा-सून कामांत, नातवंडें शाळेंत, शेजार स्पॅनिश बोलणारा. मोठें सरकारी रुग्णालय लायबीरिया शहरीं, मोटारीनें तासाभराहून अधिक दूर. पुण्यांत दिवेलागणीला सात वाजतात तेव्हां तेथें सकाळचे साडेसात. बहिणीशीं बोलावयाचें तरी घड्याळ पाहून.

आमची सूचना अशी: घर विकूं नये, कुलूप लावावें. सप्टेंबरांत जाऊन भाड्याच्या जागेंत दोन महिने राहावें, व पावसांतला गांव पाहून मग काय तें ठरवावें.

पत्राखालीं सौभाग्यवतींनीं आपल्या हातानें एक ओळ लिहिली आहे: ‘तेथें तुळस जगेल का?’ बाई, जगेल. मात्र रोप परवान्यावांचून नेऊं नये, आणि डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत पाणी रोज घालावें.