थंडीचें जाकीट

नाशिकाहून एका वाचक भगिनींनीं पत्र लिहून आम्हांस एक घरगुती प्रश्न विचारला आहे. त्यांचा नातू येत्या जानेवारींत उच्च शिक्षणासाठीं कॅनडांत मॉन्ट्रियल शहरीं जावयाचा आहे. त्याच्यासाठीं गरम जाकीट घ्यावयाचें ठरलें मात्र, आणि घरांत चार मतें झालीं. आजोबांचें म्हणणें, चांगला जड लोंकरी कोट शिवून घ्यावा. धाकट्या काकांनीं पंचवीस हजार रुपयांचें पिसांचें जाकीट पाहून ठेविलें आहे. मुलाच्या आईस पिसांचें नांव काढतांच कसेंसेंच होतें. आणि स्वतः पत्र लिहिणाऱ्या आजीबाई दोन महिन्यांपासून स्वेटर विणीत आहेत. तो नातू घालील, कीं बॅगेंत जागा नाहीं म्हणून कपाटांतच ठेवून जाईल, ही त्यांची काळजी. पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत ती आली आहे, पण पत्र लिहिण्याचें खरें कारण तेंच असावें असें आम्हांस वाटतें.

आम्ही बर्फाच्या देशीं कधीं गेलों नाहीं. परंतु आमचे कित्येक विद्यार्थी तेथें नांदत आहेत, आणि सुटींत घरीं आले म्हणजे भेटून जातात. त्यांच्या तोंडून जें कळलें त्याला पदार्थविज्ञानाची थोडी जोड देऊन हा प्रश्न येथें सोडवूं पाहतों. आमच्या पिढीस जाकीट म्हटलें कीं सदऱ्यावरची बिनबाह्यांची बंडी आठवते. हल्लींचीं मुलें ज्यास जॅकेट म्हणतात तें निराळें, हें आमच्या वयाच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पहिली गोष्ट ही कीं, कोणतेंहि वस्त्र स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. उष्णता ही देहाची, आपण खाल्लेल्या अन्नाची. वस्त्र तिला बाहेर पळूं देत नाहीं, एवढेंच. आणि हें रोखण्याचें काम धागा जितकें करतो त्याहून पुष्कळच अधिक, धाग्याधाग्यांमध्यें कोंडलेली निश्चल हवा करते. हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. मात्र ती जागच्या जागीं राहिली पाहिजे. आपल्या घरोघरीं हें ज्ञान पूर्वींपासून होतें. रजईंतला कापूस दोन-चार वर्षांत दडपून चपटा झाला म्हणजे पिंजाऱ्यास बोलावीत. तो कापूस उसवून, पिंजून, पुनः भरून देई. कापूस तोच, वजनहि तेंच; पण त्या रात्रीं रजई पूर्वीसारखी ऊब देऊं लागे. पिंजाऱ्यानें त्यांत काय घातलें? निव्वळ हवा!

हें एकदां पटलें कीं आजोबांच्या जड कोटाचा निकाल आपोआप लागतो. ऊब वजनांत नसून फुगीरपणांत आहे. लोंकरी कोट दिसावयास भारदस्त असतो हें खरें, आणि समारंभांत तो शोभेलहि. परंतु त्याच्या विणींतून वारा शिरतो, आणि पाठीवर पुस्तकांचें ओझें घेऊन बर्फांतून वसतिगृहाकडे जाणाऱ्या मुलास तें लोढणेंच होईल.

ह्या संबंधांत एक हकीकत सांगण्याजोगी आहे. इ. स. १९२२ सालीं एव्हरेस्ट शिखरावर चढण्यासाठीं जी ब्रिटिश मोहीम गेली, तींत जॉर्ज इंगल फिंच नांवाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. बाकीची मंडळी लोंकरी आणि ट्वीडच्या कपड्यांत निघालीं. फिंच यांनीं मात्र बलून करण्याच्या दाट कापडाचा, आंत आयडर जातीच्या बदकाची मऊ लव भरलेला कोट आपल्या कल्पनेनें तयार करविला होता. सोबत्यांनीं प्रथम त्या विचित्र कोटाची थट्टा केली. पण वरच्या वाऱ्यांत जेव्हां इतर कुडकुडूं लागले आणि फिंच उबेंत राहिले, तेव्हां थट्टेची जागा हेव्यानें घेतली. त्याच वर्षीं मे महिन्यांत ते आणि जेफ्री ब्रूस सुमारें ८,३०० मीटर उंचीपर्यंत पोंचले. तोंवर इतक्या उंचीवर कोणीहि चढलें नव्हतें. आणि गंमत अशी कीं, हेच फिंच पुढें १९५२ पासून १९५७ पर्यंत आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. पाषाण रस्त्यावरून नित्य जाणाऱ्या किती पुणेकरांस हें ठाऊक असेल, कोण जाणे.

फिंच यांच्या कोटांतली लव सर्वांस आठवते. बलूनचें कापड कोणी ध्यानांत घेत नाहीं. वास्तविक त्या कापडाचें महत्त्व लवेइतकेंच होतें, कारण त्यांतून वारा आंत जात नव्हता. अमरकोशांत 'नीशार' असा एक शब्द आहे. हिम आणि अनिल ह्या दोहोंचें निवारण करणारें प्रावरण, असा त्याचा अर्थ तेथें दिला आहे. वर्गांत तो श्लोक मुलांकडून म्हणवून घेतांना आम्ही त्यांस विचारीत असूं, कीं नुसतें हिम म्हणून कां भागलें नाहीं? अनिल शब्द तेथें पादपूरणार्थ आलेला नाहीं. वारा वस्त्रांत शिरला कीं कोंडलेली ऊबदार हवा उडवून लावतो, आणि मग वस्त्र कितीहि जाड असो, तें जाळीच ठरतें. उष्णतामान शून्याखालीं १० अंश सेल्सिअस असून ताशीं ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेस ती थंडी शून्याखालीं २० अंशांसारखी लागते, असा कॅनडांतील हवामानखात्याच्या कोष्टकाचा हिशेब आहे. इतक्या दूर कशाला? डिसेंबरच्या पहाटे दुचाकीवरून दूध घालणाऱ्या मुलास विचारावें. दोन स्वेटर घालूनहि त्याचें हिंव जात नाहीं. पण एका स्वेटरावर साधें पातळ, वाराबंद जाकीट चढविलें कीं जातें. कित्येक तर सदऱ्याच्या आंत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवतात, आणि ती युक्ति अगदीं शास्त्रशुद्ध आहे.

तिसरा शत्रु पाणी. निश्चल हवेपेक्षां पाणी सुमारें २५ पट अधिक वेगानें उष्णता वाहून नेतें. येथेंच पिसांच्या जाकिटाचें गुणदोष दिसून येतात. बदकाच्या किंवा हंसजातीच्या पक्ष्याच्या छातीवर, वरच्या पिसांच्या खालीं जी लव असते, तिला इंग्रजींत डाउन म्हणतात. वजनाच्या मानानें तिच्याइतकी ऊब देणारी दुसरी वस्तु क्वचितच सांपडेल. परंतु ती भिजली कीं तिचे गोळे होतात, फुगीरपणा नाहींसा होतो आणि ऊबहि जाते. पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंचें कृत्रिम भरण थोडें जड असतें, वर्षांगणिक हळूहळू दबतें. पण भिजलें तरी तें बरीच ऊब टिकवितें आणि लवकर वाळतें. म्हणून जाकीट निवडण्यापूर्वीं, 'तेथें किती थंडी असते?' एवढेंच विचारून भागत नाहीं. 'तेथें हिंवाळ्यांत बर्फ पडतें कीं पाऊस?' हाहि प्रश्न विचारला पाहिजे. लंडनास जाणाऱ्या मुलास वरून पाणी न शिरणारें आणि आंत मध्यम भरणाचें जाकीट हवें, कारण तेथला हिंवाळा मॉन्ट्रियलच्या मानानें सौम्य पण ओलसर. लेहची थंडी कडक खरी, पण कोरडी. तेथें पिसें निर्धास्त. मॉन्ट्रियलास जानेवारीचें सरासरी उष्णतामान शून्याखालीं सुमारें १० अंश असतें आणि बहुतेक बर्फच पडतें, तेव्हां तेथें दोन्ही प्रकार चालतात. भरण मात्र दाट पाहिजे.

दोन्ही चालतात, म्हणूनच मुलाच्या आईंच्या आक्षेपाचा नीट विचार करतां येतो. हा आक्षेप कोणी हंसण्यावारी नेऊं नये. आणि 'आपोआप गळून पडलेलीं पिसें असतात' असें सांगून त्यांची समजूतहि घालूं नये. आइसलंडांत आयडर बदकाच्या घरट्यांतून लव गोळा करतात, पण ती अत्यंत महाग आणि थोडी. बाजारांतील बहुतेक लव मांसासाठीं पाळलेल्या पक्ष्यांचीच असते. कांहीं ठिकाणीं जिवंत पक्ष्यांचीं पिसें उपटण्याची निर्दय चालहि आढळली. तिला आळा बसावा म्हणून आतां 'रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड' ह्या नांवाचें प्रमाणपत्र देतात. ज्यांस तेवढ्यानें समाधान होईल त्यांनीं तें पाहून घ्यावें. ज्यांस होणार नाहीं त्यांनीं खुशाल कृत्रिम भरण घ्यावें. मुलगा त्यानें गारठणार नाहीं, आणि घरीं आईचेंहि मन शांत राहील. पंचवीस हजारांत हें दुसरें मिळत नाहीं.

आतां आजीबाईंच्या स्वेटराविषयीं. थंड देशांत एक जाड वस्त्र घालण्यापेक्षां तीन थर घालण्याची रीत आहे, आणि ती योग्य आहे. तेथें घरें, वर्ग, दुकानें सर्व तापविलेलीं असतात. मुलगा दिवसांतून दहा वेळां थंडींतून उबेंत आणि उबेंतून थंडींत जाणार. एकच जाड कोट असेल तर तो घातला कीं घाम, काढला कीं हुडहुडी. घाम तर फार वाईट. तो आंतून भिजवितो. म्हणून अंगालगत सुती गंजीफ्रॉक नको, सूत घाम धरून बसतें. तेथें पातळ लोंकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर्मल असावा. मधला थर स्वेटराचा, आणि त्यावर वारा अडविणारें जाकीट. ह्या मधल्या जागेला लोंकरीसारखी दुसरी वस्तु नाहीं. लोंकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषून घेते आणि तरीहि हातास ओली लागत नाहीं. मात्र एक तपासून पाहावें. आपल्या बाजारांत 'लोंकर' म्हणून जे गुंडे विकतात ते पुष्कळदां ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिकलाहि ऊब असते, पण वाफ शोषण्याचा हा गुण नसतो. आजीबाईंनीं गुंड्यावरची चिठ्ठी वाचावी; लोंकर शुद्ध असेल तर उत्तमच, नसेल तर विणलेलें उसवूं नये, आणखी एक पातळ स्वेटर मेंढीच्या लोंकरीचा विणावा. गळा बंद ठेवावा, बाह्या फार जाड नकोत.

आणि जाकीट घेण्यापूर्वीं स्वेटर पुरा व्हावा, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. कारण जाकिटाचें माप उघड्या अंगावर घ्यावयाचें नसून त्या स्वेटरावर घ्यावयाचें आहे. घट्ट जाकीट आंतलें भरण दाबून टाकतें आणि हवेला जागाच उरत नाहीं. फार सैल असलें तर खालून वारा शिरतो. नातवानें स्वेटर घालून दुकानांत जावें, जाकीट चढवावें, दोन्ही हात सरळ वर करावे. कंबर उघडी पडली तर तें परत ठेवावें. लांबी बैठकीच्या खालीं यावी. चेनच्या मागें कापडाची पट्टी आहे कीं नाहीं तें पाहावें, नाहींतर दांत्यांतून वारा छातीशीं येतो. मनगटाशीं बाही आवळतां आली पाहिजे. डोकीवरची टोपी दोरीनें घट्ट होऊन हनुवटी झांकली गेली पाहिजे, आणि चेन हातमोजे घालूनहि ओढतां आली पाहिजे. पिसांच्या जाकिटावर 'फिल पॉवर' म्हणून एक आंकडा असतो. एक औंस लव किती घनइंच जागा व्यापते तें तो दाखवितो. ५५० सामान्य, ७०० चांगला, ८०० च्या वर उंची. परंतु आंत एकंदर किती ग्रॅम लव भरली आहे हें कळल्यावांचून ह्या आंकड्यास अर्थ नाहीं, आणि विक्रेते पहिला आंकडाच तेवढा ठळक सांगतात. चिठ्ठीवर 'उणे २० अंशांपर्यंत' असें लिहिलेलें असलें तर तोहि अंदाजच समजावा. भरभर चालणाऱ्यास जें जाकीट पुरतें तें बसची वाट पाहत उभ्या असलेल्यास पुरत नाहीं.

पैशांबद्दल आमचें मत विचारलें आहे, तें असें. थर्मल, स्वेटर, कानटोपी, हातमोजे आणि लोंकरी पायमोजे येथूनच न्यावेत. नातू ऐन हिंवाळ्यांत उतरणार, तेव्हां विमानतळाबाहेर पडतांना अंगावर एक वाराबंद, कृत्रिम भरणाचें, मध्यम किंमतीचें जाकीट असलेंच पाहिजे. तेंहि येथेंच घ्यावें. पण पंचवीस हजारांचें मोठें जाकीट नाशिकांत निवडूं नये. जेथें थंडी नाहीं तेथें थंडीच्या जाकिटाची परीक्षा करावयाची तरी कशी? ती रक्कम काकांनीं नातवाच्या हातीं द्यावी. तेथें आठ-पंधरा दिवस राहून, जुन्या विद्यार्थ्यांस विचारून तो घेईल. पहिले हे दिवस मधल्या थरावर काढावयाचे आहेत, हें आजीबाईंनीं त्याला निघण्यापूर्वीं बजावून सांगावें.

जाकीट वापरून परत आल्यावर येथें त्याची निगा कशी राखावी, हें बहुधा कोणी सांगत नाहीं. प्रवासांत तें पिशवींत दाबून भरलें तरी चालतें, पण महिनोन्महिने तसें ठेवूं नये. भरण दबून बसतें. कपाटांत सैल टांगावें. आपल्या पावसाळ्यांत बुरशीचें भय असतें, म्हणून श्रावणांत ऊन पडेल त्या दिवशीं बाहेर काढून वारा द्यावा. पिसांचें जाकीट धुतल्यावर तिकडे वाळविण्याच्या यंत्रांत मंद आंचेवर दोनतीन टेनिसचे चेंडू टाकतात. चेंडू आपटून लवेचे गोळे फुटतात आणि ती पुनः फुलते. आपल्याकडे तें यंत्र नसेल तर सावलींत आडवें पसरावें आणि तासातासानें हातांनीं गोळे मोकळे करीत जावे. पुरतें वाळावयास दोन दिवसहि लागतात.