जोडीदारापेक्षा कुत्रा जवळचा? सर्वेक्षण नेमकं काय सांगतं

'माणसांपेक्षा कुत्रा बरा' म्हणणाऱ्या रील्सना लाइक्सची कमी नसते. २०२५ मध्ये हंगेरीतल्या एका सर्वेक्षणानंतर या दाव्याला मानसशास्त्राचा शिक्का मिळाल्यासारखंच झालं. पण त्या सर्वेक्षणात खरंच असं म्हटलंय का?

काय विचारलं होतं?

बुडापेस्टच्या ओत्वश लोरांद विद्यापीठातल्या संशोधकांनी ७१७ श्वानपालकांना आपल्या नात्यांना गुण द्यायला सांगितलं. एका बाजूला कुत्रा, दुसऱ्या बाजूला मूल, जोडीदार, जवळचा नातेवाईक आणि जिवलग मित्र. निकष १३: सोबत, आधार, भांडणं, नात्यात कुणाचं किती चालतं वगैरे.

सोबत आणि समाधान यांत कुत्रा अव्वल ठरला. कुत्र्याशी असलेलं नातं मूल आणि मित्र या दोन्ही नात्यांचं मिश्रण निघालं. माया मुलासारखी आणि जिवलग मित्राशी असतात तशी भांडणं कमी.

बहुतेक हेडलाइन इथेच थांबतात.

पुढचं का वाचायला हवं?

या नात्यात ताबा जवळपास पूर्णपणे आपल्याकडे असल्याचंही पालकांच्या उत्तरांतून दिसलं. जेवण कधी, फिरायला कधी, सगळं माणूस ठरवतो आणि कुत्रा उलटून बोलत नाही. मग समाधान जास्त निघालं तर नवल काय? जोडीदाराला हीच फूटपट्टी लावणं जरा अन्यायाचंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्यांना माणसांकडून चांगला आधार मिळतो, त्यांनी कुत्र्याकडूनही जास्त आधार मिळतो असं सांगितलं. म्हणजे माणसं दुरावली की ती जागा कुत्रा भरून काढतो, हा लोकप्रिय समज या आकड्यांत टिकला नाही.

तरीही एकट्या पडलेल्या माणसाला 'कुत्रा पाळ, बरं वाटेल' असा सल्ला सर्रास दिला जातो. हे सर्वेक्षण त्याला आधार देऊ शकत नाही, कारण उत्तरं देणाऱ्या सगळ्यांकडे आधीपासूनच कुत्रा होता.

अशा तुलनेत गफलत कशी होते, हे अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनच्या २०१७ मधल्या अभ्यासात दिसतं. कॅलिफोर्नियातल्या ५,००० हून अधिक मुलांच्या माहितीत, घरी कुत्रा किंवा मांजर असलेल्या मुलांचं आरोग्य सुरुवातीला जास्त चांगलं दिसलं. मग कुटुंबाचं उत्पन्न, घराचा प्रकार असे घटक हिशेबात घेतले आणि तो फरक उरलाच नाही. ज्यांच्याकडे पैसा आणि ऐसपैस जागा, त्यांच्याकडेच प्राणी असण्याची शक्यता मुळात जास्त होती.