संगणकाशी गट्टी : मूर्तिजापूरला गाडी बदला!

आज अकोल्याची एक गोष्ट सांगतो.

मागच्या महिन्यात मामांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे एक जुना संगणक आहे. त्यात विंडोज एक्सपी आणि पत्रांसाठी आउटलुक एक्सप्रेस! कंपनीने एक्सपीची देखभाल २०१४ सालीच थांबवली. सुरू केला की नुसता घरघरतो.

"पोट्टे म्हणतात, फेका हे डबडं," मामा म्हणाले. "पन तुह्या मामीची पत्रं आहेत ना त्याच्यात! ते जातीन त मी काय करू?"

मामी आता नाहीत. दादा बंगळूरला शिकत होता, तेव्हा त्या त्याला एका बोटाने टाइप करून ई-मेल पाठवायच्या. दादाचं कॉलेजातलं खातं कधीच बंद झालं. म्हणजे ती पत्रं उरली फक्त या डबड्यात.

तुम्ही विचाराल, ई-मेल तर इंटरनेटवर असते ना? आज बहुतेक असते. पण तेव्हा फोन लावून इंटरनेट घ्यायचं आणि मिनिटागणिक बिल चढायचं. म्हणून पत्रं घरच्या संगणकात उतरवून घ्यायची आणि फोन बंद. उतरवलेली पत्रं तिकडून बहुधा पुसली जायची.

मग ती सरळ नव्या संगणकात का टाकू नयेत? इथेच मेख आहे. अचलपूरहून मूर्तिजापूरला येणारी 'शकुंतला' आजोबांना विचारा. आता बंद असलेल्या त्या गाडीचे रूळ अडीच फूट रुंदीचे, तर मुंबईच्या गाडीचे साडेपाच फूट. शकुंतलेचा डबा मोठ्या रुळांवर चालणार कसा? म्हणून मूर्तिजापूरला गाडी बदलायची. कापसाच्या गाठी त्याच, डबा मात्र दुसरा.

पत्रांचंही तसंच. आउटलुक एक्सप्रेस एका कप्प्यातली सगळी पत्रं 'डीबीएक्स' नावाच्या एकाच फाइलीत कोंबतो. नव्या संगणकावरच्या थंडरबर्डचे रूळ वेगळे. दोघांनाही समजतो तो 'ईएमएल' प्रकार, म्हणजे एका पत्राची एक फाइल. हेच आपलं मूर्तिजापूर!

आम्ही काय केलं ते बघा.

१. मूळ फाइलींची आधी पेन ड्राइव्हवर एक प्रत काढली.
२. डेस्कटॉपवर रिकामं फोल्डर केलं, सगळी पत्रं निवडली आणि माउसने त्यात ओढली. प्रत्येक पत्राची ईएमएल फाइल झाली.
३. ते फोल्डर पेन ड्राइव्हने नव्या संगणकावर नेलं. थंडरबर्डमध्ये 'लोकल फोल्डर्स'खाली नवा कप्पा केला आणि फाइली त्यात ओढल्या.
४. मोजदाद केली.

या चौथ्या पायरीला कंटाळू नका हं! आम्ही मोजली तर तीन पत्रं कमी. निवडताना सुटली होती, पुन्हा आणली.

आणि सगळ्यांत मोठी चूक तर होता होता राहिली. मी फक्त 'इनबॉक्स' नेला होता! त्यात दादाची उत्तरं होती. मामींनी लिहिलेली पत्रं 'सेंट आयटम्स'मध्ये होती. मामांनीच विचारलं, "अबे, तिची कुठं आहेत?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आलेल्या पत्रांइतकीच पाठवलेलीही जपायची असतात, दोस्तांनो.

एक गंमत करून बघा. एखादी ईएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडा. वर तारीख, विषय, कोणाकडून, कोणाला हे सगळं दिसेल. सोबत फोटो असेल, तर त्याच्या जागी अक्षरं आणि आकडे यांची लांबच लांब रांग! ई-मेलची वाट मुळात साध्या अक्षरांसाठी बांधलेली. म्हणून फोटोलाही अक्षरांचं सोंग घ्यावं लागतं. दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, त्यामुळे वजन एक तृतीयांशाने वाढतं.

सगळं जुळल्यावर मामांनी एक पत्र उघडलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी : थंडी वाढली असेल, स्वेटर घालत जा. मामा ते दोनदा वाचून नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "चहा टाकतो."

आता तुमचं काम. घरी असा जुना संगणक पडला असेल, तर तो भंगारात जाण्याआधी आई-बाबांना सोबत घेऊन उघडा. प्रती दोन ठिकाणी ठेवा, आणि सगळं मोजून होईपर्यंत जुनं काही पुसू नका. बघा बरं, कोणाची पत्रं सापडतात ते! तोवर, अच्छा!