कालाहारीचे वैरी सान नव्हेत

‘माणसे हलवली म्हणूनच कालाहारीतले वन्यजीव वाचले’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. सुमारे १००० मीटर उंचीच्या या वालुकामय पठारावर पाऊस बेभरवशाचा आणि वर्षातील बहुतेक काळ जमिनीवर पाणी नसते. अशा वेळी गेम्सबॉक हरीण आणि माणूस, दोघेही त्सामा या रानकलिंगडातल्या पाण्यावर तगतात. इथले मूळ रहिवासी असलेल्या सान लोकांनी हजारो वर्षे शिकार केली. तरी प्राणी संपले नाहीत. उलट १९८०च्या दशकातील दुष्काळात, गुरांचे रोग रोखण्यासाठी घातलेल्या तारकुंपणांनी पाण्याकडच्या वाटा अडवल्या आणि हजारो विल्डबीस्ट तडफडून मेले.

१९६१मध्ये आजच्या बोट्स्वानात मध्य कालाहारी अभयारण्य स्थापन झाले, तेव्हा तिथल्या सानांची जीवनपद्धती जपणे हाही त्याचा हेतू होता. पुढे त्यांनाच बाहेर काढले गेले. २००६मध्ये बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने ही हकालपट्टी बेकायदा ठरवली. २०११मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा कूपनलिकेचा हक्कही मान्य केला.

माग काढण्याचे आणि पाणी शोधण्याचे त्यांचे ज्ञान संवर्धनाच्याच कामाचे आहे. त्यांना अतिक्रमक न ठरवता भागीदार मानणे, हाच न्याय्य मार्ग आहे.

– एक वाचक, नाशिक