तिळा तिळा, दार उघड!
जिम आटोपलंय, दहाची मीटिंग डोक्यावर आहे आणि फॉर्मल्स, लॅपटॉप, मोबाइल सगळं लॉकरमध्ये. कोड बरोबर, तरी लॉकर ढिम्म! अशा वेळी बटणं बडवू नका. बऱ्याच कीपॅड लॉकमध्ये ओळीने काही प्रयत्न चुकले की कुलूप थोडी मिनिटं चक्क मौनव्रत धरतं. थांबा, मग सावकाश एकेक आकडा दाबा.

दिवा मिणमिणतोय? सेल संपत आलेत. काही कुलपांना बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवायची सोय असते, तेवढ्यावर काम भागतं. कोंबलेली बॅग आतून दार रेटत असेल, तर खिट्टी अडकते. दार आत दाबून कोड टाका.

कोडच विसरलात? मॅनेजरच्या मास्टर कोडने लॉकर उघडेल. पण खरी गोम रिसेटनंतर! अनेक कुलपं कंपनीच्या मूळ कोडवर जातात आणि तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. तेव्हा लगेच नवा कोड टाका आणि दार उघडं ठेवूनच तपासा. बर्थडे नकोच. आणि हो, कीपॅडवर नेमकी चारच बटणं झिजली असतील, तर चोराला 10,000 नव्हे, फक्त 24 कोड आजमावायचेत. मग, कोड कधी बदलताय?