श्रोता इतका अधीर नाही

लोकांस काय रुचेल हे लोकांपेक्षा आपणांसच अधिक कळते, असा समज कलेच्या व्यापारात मुरलेल्या मंडळींत फार जुना आहे. तो किती पोकळ असू शकतो, याचा दाखला इंग्लंडमधील 'क्वीन' या चौघा गायक-वादकांच्या संघाने काढलेल्या एका तबकडीत सापडतो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे ते गीत ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी विक्रीस आले. २०२५ साली त्यास ५० वर्षे पुरी झाली, तरी त्याची गोडी ओसरलेली नाही.

फ्रेडी मर्क्युरी यांच्या या रचनेत आरंभी समूहस्वर आहेत. मग पियानोच्या साथीने एका अपराधी तरुणाची व्यथा येते. त्यानंतर ऑपेराची थट्टा आणि गौरव एकाच वेळी करणारा भाग, पुढे धडाडणारे रॉक संगीत आणि अखेरीस पुन्हा शांतता, असा तिचा प्रवास आहे. लोकप्रिय गाण्यात वारंवार परतून येणारे ध्रुवपद येथे नाहीच. १९७५ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधील रॉकफील्ड येथे मुद्रणास आरंभ झाला. ऑपेराच्या भागात मोठा गायकवृंद ऐकू येतो. वस्तुतः मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच आपले आवाज एकावर एक चढवून तो उभा केला आहे. संगणकाची सोय तेव्हा नव्हती. रॉय थॉमस बेकर या निर्मात्याच्या देखरेखीखाली तीच ध्वनिफीत इतक्या वेळा यंत्रातून फिरविली गेली की, तिच्यावरील लेप झिजून आरपार दिसू लागले, असे सांगतात.

एवढे कष्ट सोसून सिद्ध झालेल्या गीताची लांबी भरली ५ मिनिटे ५५ सेकंद. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांचीच गाणी चालतात, हा तेव्हाचा दंडक. साहजिकच ई.एम.आय. या तबकडी-कंपनीचे मत विरुद्ध पडले. परंतु गीतास कात्री लावू देण्यास संघाने साफ नकार दिला. कॅपिटल रेडिओचे निवेदक केनी एव्हरेट यांच्या हाती एक प्रत आली, आणि दोन दिवसांत त्यांनी ती १४ वेळा वाजविली, अशी हकिगत आहे. तबकडी येण्यापूर्वीच लोक दुकानांत तिची चौकशी करू लागले. काही समीक्षकांनी नाके मुरडली खरी. पण ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत हे गीत ९ आठवडे अग्रस्थानी राहिले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी एड्सच्या विकाराने निवर्तले. त्यानंतर तबकडी पुन्हा काढण्यात आली, ती पुन्हा अग्रस्थानी पोहोचली, आणि तिचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी झटणाऱ्या संस्थेस देण्यात आले.

लांबी म्हणजे गुण, असा याचा अर्थ कोणी करू नये. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी जुन्या तबकडीच्या सव्वातीन मिनिटांत रागाचे सारे रूप उभे केले, हे महाराष्ट्रास सांगावयास नको. परंतु ती मर्यादा यंत्राची होती, आणि कलावंताने तिच्यावर मात केली. ई.एम.आय.ने सुचविलेली मर्यादा यंत्राची नव्हती. ती श्रोत्याविषयीच्या अविश्वासातून आली होती. पहिल्या मर्यादेशी झगडून कला तेजस्वी होते. दुसरीपुढे मान तुकविली तर ती खुजी होते.

मर्क्युरी म्हणजे पूर्वाश्रमीचे फारोख बलसारा. जन्म झांझिबारचा, कुटुंब पारशी आणि बालपणीचे शिक्षण आपल्या पाचगणीस. पियानो त्यांनी तेथेच गिरविला आणि शाळासोबत्यांसह पहिला वाद्यमेळही तेथेच उभारला. हे सांगताना आपली छाती फुगते. तथापि यशस्वी झालेल्यास आपला म्हणणे सोपे असते. धडपडणाऱ्यास आपला म्हणण्यातच समाजाची रसिकता दिसते.

आज हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेत ३० सेकंद वाजलेले गाणे 'ऐकले' म्हणून मोजले जाते. मग पहिल्या काही क्षणांतच श्रोत्यास पकडावे, आलाप गाळावा, कडवे कापावे, असा उपदेश तरुण संगीतकारांस होऊ लागला तर नवल नाही. लोकांस धीर नाही, हे त्यामागील गृहीतक. ज्यांची अशी परीक्षाच कधी घेतली गेली नाही, त्यांस अनुत्तीर्ण ठरविणे हा कोठला न्याय? निर्मात्यांनी, नभोवाणीने आणि आम्हां वृत्तपत्रांनीही लोकांपुढे उत्तम ते संपूर्ण ठेवावे; निवड करण्यास लोक समर्थ आहेत. आणि एखादा तरुण आपली लांबलेली रचना घेऊन दाराशी आला, तर कात्री शोधण्यापूर्वी ती एकदा अखेरपर्यंत ऐकावी, एवढेच आमचे सांगणे आहे.